उजव्या बाजूने ये

३ नोव्हेंबर

मिचमिच्या,

चहा शेवटी मी मोरीत ओतला. तुला लागते तशी साखर कमी घातली होती, त्यामुळे मलाही तो पिववला नाही.

बाहेरचं दार वाजलं तेव्हा मला वाटलं, बॅग आणायला बाहेर गेलास. कप घेऊन खोलीत आले तर तुझे बाबा एकटेच, भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी विचारलं, "कुठे गेला हो?" तर म्हणतात, "कोण?"

कोण! इतक्या लांबून, दिवसभर गाडीत बसून पोरगा येतो, आणि बाप विचारतो कोण. मी तेव्हाच कप आपटला. एकाचा कान तुटलाय. निळ्या फुलांचा सेट होता, आता पाचच उरले.

संध्याकाळी फोनवर तू एवढंच बोललास, "मी दोनदा हाक मारली, आई. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं." त्यानंतर फोन उचलतच नाहीस. म्हणून ही चिठ्ठी. फोन नुसता वाजू देता येतो. चिठ्ठी फाडायची म्हटली तरी आधी हातात घ्यावी लागते.

तुझ्या बापाची बाजू घ्यायला मी लिहीत नाहीये. तीन वर्षांत त्यांनी तुझं नाव काढलं नाही, हे तुला माहीत आहे, मलाही आहे. पण पोराच्या हाकेला ओ देऊ नये, इतके ते कधी दुष्ट नव्हते. हट्टी होते. हट्टी माणूस तोंड फिरवतो, तेव्हा त्याचं लक्ष मागेच असतं, असं मी माझ्या मनाला सांगते आहे.

तब्येत म्हणशील तर ठीक आहे. डाव्या हातात जोर नाही, डावा पाय ओढत चालतात, जीभ मात्र होती तशीच आहे, तिला अर्धांगाच्या झटक्याने काही केलेलं नाही. जिना चढवत नाही म्हणून पलंग खाली स्टुडिओच्या मागच्या खोलीत लावलाय. तू पाहिलंसच. कपाट आणि दिव्यांचे स्टँड यांच्यात जेमतेम एका बाजूने जायला वाट आहे, दुसरी बाजू भिंतीला टेकलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुन्हा असं काही झालं तर... ते जाऊ दे. घाबरण्यासारखं काही नाही.

राग निवला की ये. घाई नाही.

तुझी आई, जिचा चहा न पिता तू गेलास


२४ नोव्हेंबर

मिचमिच्या,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी आपली लिहिते. दुपारी स्टुडिओत कुणी नसतं आणि तुझ्या बाबांशी बोलायचं तर तेही एक कामच झालंय.

माणूस दुखण्याने चिडचिडा होतो हे मी ऐकून होते, पण हे जरा वेगळंच आहे. परवा दाढी केली, ती अर्धीच. उजवा गाल तुळतुळीत, डाव्यावर पांढरे खुंट तसेच. म्हटलं, "अहो, हा गाल कुणासाठी ठेवलाय?" तर म्हणाले, "झाली की दाढी." आरसा दाखवला. आरशात बघून पुन्हा म्हणाले, "झाली की." मी हसत सुटले. मग त्यांचा चेहरा बघून हसू आवरलं.

जेवायला बसले की ताटातलं उजवीकडचं संपवतात आणि ओरडतात, "वाढायचा एवढा कंटाळा येतो का?" डावीकडे भात जसाच्या तसा. मी ताट फिरवते. मग भात दिसतो, आणि माझ्याकडे असे बघतात की जणू मी मघाशी लपवून ठेवला होता. व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, गोड आहे, तिलाही म्हणाले की घरात मला उपाशी ठेवतात. ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी लाजेने मरायची बाकी राहिले.

आणि तुला एक सांगायचं की नको, असं चाललंय माझं. सांगते. समोरच्या भिंतीवर टेकडीवरचा तो गोल लांबडा आहे ना, सगळीकडचं एकात घेतलेला. (पॅनोरमा म्हणायला त्यांना कधी आवडलं नाही. तू लहानपणी त्याला लांबडा म्हणालास आणि तेच नाव घरात राहिलं.) त्यात डाव्या टोकाला तू आहेस, टॉर्च धरून उभा. काल त्या लांबड्याकडे खूप वेळ बघत बसले होते. मग माझ्यावर एकदम खेकसले, "तू त्याला पुसलंस?"

मी विचारलं, "कुणाला?"

"माझ्या पोराला. यात उभा होता तो. तू पुसून टाकलंस."

मला इतका राग आला! ज्या बाईने तू घर सोडलंस त्या दिवसापासून तुझी खोली झाडून-पुसून तशीच ठेवली, ती तुला पुसेल? आयुष्यभर मी लोकांचे तीळ पुसले, मुरमं पुसली, लग्नाच्या फोटोत रुसलेल्या काकवांच्या कपाळावरच्या आठ्या पुसल्या. पण माणूस पुसलेला नाही. मी तरातरा गेले, तुझ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हा काय! डोळे फुटले का?" त्यांनी बोटाकडे पाहिलंच नाही. दुसरीकडेच बघत राहिले, तळ्याच्या बाजूला. मी तशीच स्वयंपाकघरात निघून गेले.

पण "माझ्या पोराला" म्हणाले बरं का. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कॅमेरा मागतायत. गच्चीवर न्या म्हणतात. डाव्या हाताने ग्लास धरवत नाही आणि म्हणे लांबडा काढायचाय. बघू, पाय जरा सुधारू दे.

तुझी आई, जिने तुला पुसलेलं नाही


१६ डिसेंबर

मिचमिच्या,

ही चिठ्ठी उभ्याने वाचू नकोस. बस.

बुधवारी त्यांना गच्चीवर नेलं. ती व्यायामवाली मुलगी एका बाजूने, मी एका बाजूने. जिन्यात पुरे दमले, पण वर गेल्यावर चेहरा उजळला. गच्चीच्या फरशीवर त्यांनी रंगाचे तीन ठिपके केलेत ना तिपाईच्या पायांसाठी, त्यांवर मी तिपाई ठेवली. सूर्य मावळून गेलेला होता आणि तो निळा उजेड सुरू झाला होता, ज्याच्यासाठी त्यांनी आयुष्यभर माझी संध्याकाळची जेवणं गार केली. ते कॅमेऱ्याशी आणि मी मागून त्यांच्या पँटचा पट्टा घट्ट धरून. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, बाई नवऱ्याला पळून जाऊ देत नाहीये.

सगळं जुन्यासारखं केलं त्यांनी. आधी तळहाताचा फोटो. मग एक तुकडा, तोंडाने आकडे मोजत, शटर बंद होईपर्यंत श्वाससुद्धा न घेता. मग कॅमेरा जरा फिरवायचा, आधीच्या तुकड्याचा तिसरा हिस्सा नव्यात येईल इतकाच, आणि पुन्हा मोजायचं. उजेड उतरत जातो म्हणून प्रत्येक वेळी थोडं जास्त मोजायचं. शेवटी परत तळहात. तुला हे काय सांगायचं, तूच तर ते माझ्यासाठी सुरू केलंस. कार्डावर सगळे काळेनिळे फोटो एकामागे एक येतात, त्यात एक लांबडा कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला हे मला कळायचं नाही, मी रडकुंडीला यायचे. तू म्हणालास, बाबा, दोन्ही टोकांना हात दाखवा.

"झाला," म्हणाले. "टाकीपासून मनोऱ्यापर्यंत. पूर्ण आलाय. जोड नीट लाव."

खाली येऊन मी कॉम्प्युटरवर जोडायला बसले. तळहात. त्यानंतर तळं. तळ्याचा अगदी मधला भाग. मग काठची झाडं, टेकडी, मनोरा. तळहात.

टाकी कुठेच नाही. पूल नाही, शाळेची इमारत नाही, स्टेशनचे दिवे नाहीत. डावीकडचं अर्धं गाव नाही. मला वाटलं, कार्ड बिघडलं. पण पहिला तळहात आणि तळं यांच्यात फोटोंच्या क्रमातला एकही आकडा सुटलेला नाही. त्यांनी डावीकडचं काढलंच नव्हतं. आणि जे काढलंय ते इतकं नेटकं रे, एक तुकडा तिरका नाही, एक हललेला नाही. हात चालत नाही म्हणून अर्धवट सोडलेलं काम असं नसतं. त्यांच्या लेखी ते पूर्ण होतं.

तो अर्धा लांबडा पडद्यावर होता आणि मला त्यांचा अर्धा दाढी केलेला गाल आठवला. मग ताट आठवलं. मग तो टेकडीवरचा लांबडा, "तू त्याला पुसलंस." तू डाव्या टोकाला उभा आहेस, मिच्या.

मी तशीच चप्पल घालून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला, डाव्या बाजूचं भान कमी राहील." सांगितलं होतं त्यांनी. मला वाटलं हाताचं म्हणतायत, पायाचं म्हणतायत. त्या म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे हेच मेंदूला कळत नाही. डावीकडून कुणी हाक मारली तर आवाज ऐकू येतो, पण माणूस उजवीकडे शोधतात.

आता पलंग आठव. उजवी बाजू भिंतीला. तू डावीकडे उभा राहिलास, दुसरीकडे जागाच नव्हती. तू "बाबा" म्हणालास. त्यांनी भिंतीकडे मान वळवली. तू पुन्हा म्हणालास, ते आणखी वळले.

ते तुला शोधत होते रे. भिंतीत शोधत होते.

मी घरी आल्यावर फार रडले. मग उठून पहिलं काम केलं, उशी पायथ्याशी आणली आणि पायथा उशाला. एवढंच करायचं होतं. आता उजवी बाजू मोकळी आहे. मी उजवीकडे जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "अगं, किती दिवसांनी दिसलीस." आणि मी सगळा वेळ त्यांच्या डाव्या अंगाला बसून भाजी निवडत होते.

ये. आल्यावर उजव्या बाजूने ये. डॉक्टरीणबाई म्हणतात, हळूहळू सुधारणा होईल. बाकी त्या बरंच काही बोलतात, डॉक्टर लोकांना बोलावंच लागतं, सगळं तुला लिहीत बसत नाही. तुझं काम बघून ये.

तुझी आई


१८ जानेवारी

मिचमिच्या,

अजून काही नाही तुझ्याकडून. पोस्टमन मला बघून आता लांबूनच मान हलवतो. तुला चिठ्ठी मिळाली नसेल का? की मिळाली आणि वाटलं, आई नेहमीसारखं रिटचिंग करतेय, बापाचे डाग पुसतेय? या वेळी नाही. देवाशप्पथ नाही.

तुझा राग मला कळतो. वाचनालयाच्या त्या दिवशी मीही तिथेच होते. पडदा सरकला, भिंतभर लांबडा, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुझे बाबा चष्मा पुसून जवळ गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हा चंद्र माझा नाही. माझ्या नावाने हे लावू नका." तुझा चेहरा मला अजून दिसतो. त्या संध्याकाळचं आभाळ मळकं आलं होतं, तू दुसऱ्या संध्याकाळचं छान आभाळ चंद्रासकट आणून बसवलंस. जोड कुठे दिसतो का ते मी स्वतः शोधून पाहिलं होतं, नाही सापडला. इतकं सफाईदार काम. तू म्हणालास, "लोकांना आवडलंय ना, मग कुणाला काय फरक पडतो?" ते म्हणाले, "मला पडतो." तेवढ्यावरून घराची दोन घरं झाली.

आता हे ऐक. गेल्या आठवड्यात मला एक युक्ती सुचली. टेकडीवरचा तो लांबडा गोल आहे. सगळीकडून फिरून जिथे सुरू झाला तिथेच येतो. त्याला टोक असं नाहीच, मी एका जागी कापला म्हणून दोन टोकं झाली. तेव्हा कापताना तू डावीकडे आलास. मी तो कॉम्प्युटरवर पुन्हा उघडला आणि दुसरीकडे कापला, मागच्या रानात, जिथे काहीच नाही. आता तू उजवीकडे आलास. एक पानसुद्धा बदललं नाही. आपल्या मोठ्या प्रिंटरवर छापला, शाई संपत आली म्हणून तळ्याचा निळा जरा उडालाय, आणि जुना काढून हा आता त्यांच्या पायांकडे येणाऱ्या भिंतीवर लावला.

दुपारी जाग आल्यावर ते बघायला लागले. मी पडद्याच्या घड्या घालतेय असं दाखवत होते, लक्ष सगळं त्यांच्याकडे.

"हा कधी आला?" म्हणाले.

मी घातलेली घडी मोडून पुन्हा घातली. म्हटलं, "कोण हो?"

"हा काय. टॉर्च घेऊन उभा आहे." मग थोड्या वेळाने, "डोळे उघडे आहेत याचे."

खरंच आहेत. तुझ्या आयुष्यातला तो एकच फोटो आहे ज्यात तुझे डोळे उघडे आहेत. अंधारात फोकस कळावा म्हणून तुला टॉर्च देऊन लांब उभं केलं होतं, आणि मग म्हणाले होते, तसाच राहा, येऊ दे फोटोत. शटर इतका वेळ उघडं होतं की तुझी सगळी मिचमिच त्यात विरून गेली.

ते रडले, मिच्या. त्यांचे वडील गेले तेव्हा रडले नव्हते. मला म्हणाले, "त्याला बाहेर का उभं केलंयस? आत बोलव." मी म्हटलं, येईल. तर म्हणाले, "चंद्र छान लावला होता त्याने. टाकीची सावली तेवढी चुकली होती." आणि मग, भिंतीशी बोलल्यासारखं, "चारचौघांत नको होतं बोलायला."

हे शब्द त्यांचे आहेत. मी एकही बदललेला नाही.

तेव्हापासून त्यांनी पासपोर्ट फोटोचं स्टूल पलंगाच्या उजव्या अंगाला ठेवून घेतलंय. त्यावर कुणी बसायचं नाही. व्यायामवाली मुलगी बसली तर म्हणाले, "तिथे माणूस यायचाय." मी औषधाचं ताट ठेवलं तर उचलायला लावलं.

हल्ली झोप जास्त लागते त्यांना. थंडीमुळे असेल. रस्त्यावर सकाळी धुकंही फार असतं, तू गाडीने येणार असशील तर जपून. उगाच धावत येऊ नकोस. जमेल तेव्हा ये, घाई नाही, पण वाट बघतोय.

आई, आणि बाबा


२ मार्च

मिच्या,

तू गेल्यावर दोन दिवस मी स्टुडिओ उघडला नाही. आज उघडला. एक बाई आली, बाळाचा फोटो काढायचा म्हणून. स्टूल हवं होतं. मी तिला खुर्ची दिली.

तुला लिहायचं होतं ते तोंडाने बोलता आलं नाही. तू स्वयंपाकघरात होतास, मी होते, आणि आपण दोघंही भांडी पुसत राहिलो.

तू आलास तेव्हा खोली माणसांनी भरली होती, पलंग भिंतीपासून ओढून मधे घेतलेला. ते पलंगावर, चादर गळ्यापर्यंत, दाढी मी स्वतः केलेली, दोन्ही गालांची. दाराजवळ, त्यांच्या डाव्या अंगाला, एक खुर्ची रिकामी होती. सगळे तुला तीच दाखवत होते. तू तिच्याकडे बघितलंही नाहीस. लोकांच्या गुडघ्यांतून, दिव्याच्या स्टँडला धडकत, तू पलीकडे गेलास आणि उजव्या बाजूच्या स्टुलावर जाऊन बसलास. आता कुठल्याही बाजूला बसलास तरी त्यांना सारखंच होतं. तरी उजवीकडे गेलास.

तेव्हा मला कळलं, तू माझ्या चिठ्ठ्या वाचल्यास. सगळ्या वाचल्यास.

आणि मग तू भांडी पुसताना म्हणालास, "मी एप्रिलची रजा टाकली होती, आई. तू लिहिलं होतंस ना, घाई नाही म्हणून."

रागाने नाही म्हणालास. रागाने म्हणाला असतास तर मी भांडले असते.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की दुसरा झटका येईल, लवकर येईल, आणि त्यातून उठणं कठीण. डिसेंबरात पुन्हा सांगितलं. जानेवारीत म्हणाल्या, मुलाला बोलवून घ्या. मी दर वेळी लिहायला बसले आणि दर वेळी तेवढंच पुसलं. तू घाबरशील. तू धुक्यात गाडी हाणशील. तू बापाच्या मरणाच्या भीतीने येशील, मनाने येणार नाहीस, आणि मला तू मनाने यायला हवा होतास. मी चित्र चांगलं दिसावं म्हणून ब्रश फिरवत राहिले. त्यांचे शब्द बदलले नाहीत याचा तोरा मिरवला, आणि माझे स्वतःचे सगळे बदलले. तुझी त्यांची भेट मी घालवली, मिच्या. कुणी मला म्हणत नाही, तूसुद्धा म्हणाला नाहीस, म्हणून मीच म्हणते.

आता कार्डाचं. तू निघालास त्या सकाळी ते कॉम्प्युटरशेजारी कपाखाली ठेवलं होतंस, कान तुटलेल्या. मला वाटलं रिकामं आहे. काल घातलं.

तळहात. पाण्याची टाकी. शाळा. पूल. स्टेशनचे दिवे, एक गाडी सरकत गेल्याची लांब रेघ. तळ्याचा अलीकडचा काठ, तळ्याचा मधला भाग, त्यांचा पहिला तुकडा जिथे सुरू होतो त्याच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. तळहात. घरात पाहुणे असताना तू संध्याकाळी एकटाच गच्चीवर गेला होतास, मला वाटलं रडायला गेलास. तिपाई त्याच तीन ठिपक्यांवर ठेवली असणार, कारण काठाची ओळ केसभरही चुकलेली नाही. तुझा तळहात जरा हललाय. मोठा झालाय रे हात. मी दोन हात शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले.

मग जोडायला घेतलं. डावीकडचं तुझं, उजवीकडचं त्यांचं. रेषा जुळल्या, उजेड जुळत नाही. त्यांची डिसेंबरातली संध्याकाळ स्वच्छ आहे, पाणी निळं. तुझं आभाळ ढगाळ, पाणी राखेच्या रंगाचं. तळ्याच्या बरोबर मधोमध उभी रेघ दिसते, एका बाजूला एक दिवस, दुसऱ्या बाजूला दुसरा. तुझ्याकडे त्यांचं आभाळ ओढून घेतलं असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. मला येतं ते, तुलाही येतं. तू केलं नाहीस. जसं होतं तसं काढून ठेवलंस.

मीही नाही केलं. छापला तसाच, रेघेसकट. त्यांच्या पलंगासमोर लावलाय. पलंग रिकामा आहे. लोक येतात आणि म्हणतात, वहिनी, मधे काहीतरी चुकलंय का? मी म्हणते, नाही, बरोबर आहे.

आता शेवटचं, आणि हे मी एकदाच लिहिणार आहे, खाडाखोड न करता. मी बरी नाहीये. संध्याकाळी तो निळा उजेड सुरू झाला की मला घरात थांबवत नाही, आणि बाहेर कुठे जावं ते कळत नाही. दोन माणसांचं रांधते आणि टाकून देते. तुझ्यावाचून मला इथे राहवत नाही.

एप्रिलची रजा असेल तर रद्द करू नकोस. त्याआधी जमलं तर त्याआधी ये. घाई आहे.

आई